टोकियोत दोघांनी राहायचं तर हॉटेल कुठल्या भागात घ्यावं?

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून तुम्ही दोघंच 6 रात्रींसाठी टोकियोला निघालाय, पहिलीच खेप आहे, आणि शिंजुकू, शिबुया, गिन्झा, असाकुसा या चार नावांत गाडी अडलीये. रोज रात्री एकमेकांना हॉटेलांच्या लिंका पाठवताय पण ठरत काही नाही, असंही तुम्ही प्रश्नात लिहिलंय. आम्ही दोघं दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा वेगवेगळ्या भागात राहिलो, म्हणून उत्तर देते.

असाकुसाच्या देवळापासून दक्षिणेला, सुमिदा नदीच्या काठाकाठाने कुरामाएपर्यंत जो पट्टा आहे, तिथे खोली घ्या.

आता का ते सांगते. टोकियोत दिवसभर तुम्ही हॉटेलच्या आसपास नसताच. सकाळी नऊला बाहेर पडलात की शिबुया, मेजी देवस्थान, गिन्झा असं कुठेही असाल, आणि तिथली रेल्वे इतकी दाट आहे की कुठूनही कुठेही साधारण अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. त्यामुळे ‘कुठून सगळं जवळ पडेल’ या प्रश्नात फार दम नाही. हॉटेलचा भाग खरा उपयोगी पडतो तो दोनच वेळांना: सकाळी उठल्यावर पहिला तास, आणि रात्री पाय दुखत असताना जेवण झाल्यानंतरचा तास. दोघांच्या सहलीत तर गप्पा होतात त्याच या वेळांना. तेव्हा दाराबाहेर काय असेल, एवढं बघून भाग निवडा.

पहिल्या खेपेला आम्ही शिंजुकूत राहिलो. सगळे तेच सुचवत होते. शिंजुकू हे जगातलं सगळ्यात गजबजलेलं स्टेशन आहे, आणि बाहेर पडायच्या वाटा दोनशेच्या आसपास आहेत. बुकिंगच्या पानावर ‘स्टेशनपासून 8 मिनिटं’ लिहिलेलं होतं, पण कुठल्या एक्झिटपासून ते आम्ही पाहिलं नव्हतं. पूर्वेकडे जायचं ते आम्ही पश्चिमेला बाहेर आलो, आणि बॅगा ओढत हॉटेलात पोचायला पाऊण तास लागला. पहिल्याच रात्री दोघंही एकमेकांवर चिडलो होतो. पुढच्या रात्री काबुकिचो या तिथल्या बारच्या वस्तीच्या कडेने परतताना दर चार पावलांवर कोणीतरी बारमध्ये बोलवायला पुढे यायचं. तशी भीती वाटण्यासारखी जागा नाही, पण हातात हात घालून निवांत चालण्यासारखीही नाही.

‘8 मिनिटं’ वरून आठवलं, हे नीट लक्षात ठेवा. जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत 80 मीटर म्हणजे 1 मिनिट असा ठरलेला हिशोब असतो, आणि त्यात सिग्नलला थांबणं, जिने चढणं धरलेलं नसतं. हॉटेलंही साधारण असंच लिहितात. चाकांची बॅग असेल तर मी त्याची सरळ दीडपट धरते.

दुसऱ्या खेपेला कुरामाए. सकाळी साडेपाचला जाग आली, तशीच चप्पल घालून आम्ही सेन्सोजीला, म्हणजे असाकुसाच्या त्या देवळात, चालत गेलो. पंधरा-वीस मिनिटांची वाट आहे. दिवसा देवळाकडे जाणाऱ्या नाकामिसे या दुकानांच्या 250 मीटरच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. त्या वेळी सगळी दुकानं बंद होती आणि बंद शटरांवरची रंगवलेली चित्रं ओळीने दिसत होती. दुकानं उघडी असताना ती दिसणारच नाहीत. एक आजी छोट्या कुत्र्याला घेऊन देवळासमोर थांबल्या, वाकून नमस्कार केला आणि घरी निघाल्या. मोठ्या धूपपात्रातून अजून धूर येत नव्हता. उन्हाळ्यात मुख्य गाभारा 6 ला उघडतो, थंडीत साडेसहाला. आवारात मात्र कधीही जाता येतं. दुसऱ्या भागात राहणारा माणूस पहाटे उठून इथे येत नाही, तो अकराला येतो आणि गर्दी बघून जातो.

रात्री नदीकाठ. पाण्याला लागून फरसबंदी वाट आहे, गाड्या अजिबात नाहीत. कुरामाएकडून वर चालत गेलं की एकामागून एक पूल लागतात: पहिला पिवळा, मग हिरवा, मग निळा, शेवटी असाकुसाजवळचा लाल. पलीकडच्या काठावर 634 मीटरचा स्कायट्री मनोरा दिव्यांनी उजळलेला. मशीनमधून गरम कॉफीचा डबा घ्यायचा आणि बसायचं. आम्ही 5 पैकी 4 रात्री तिथेच बसलो होतो, आणि आजही टोकियो म्हटलं की आम्हा दोघांना आधी ते पूल आठवतात.

या भागाच्या अडचणीही सांगायला हव्यात. असाकुसा लवकर झोपतं. देवळाभोवतीची दुकानं संध्याकाळी पाच-सहापासूनच आवरायला लागतात. तुम्हाला रात्री एकपर्यंत बारमध्ये बसायची आवड असेल तर इथे राहू नका, कारण शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमाराला सुटतात, पुन्हा सुरू होतात त्या पहाटे पाचच्या आसपास, आणि टॅक्सीला रात्री 10 ते पहाटे 5 पर्यंत 20 टक्के जास्त पडतात. शिबुया इथून अर्ध्या तासाहून थोडं जास्त आहे. पण शिबुयाला जाणारी मेट्रोची गिन्झा लाइन असाकुसालाच सुरू होते, त्यामुळे जाताना बसायला हमखास जागा मिळते.

स्टेशनची नावं मात्र नीट तपासा, इथे फसगत होते. ‘असाकुसा स्टेशनपासून 1 मिनिट’ असं लिहिलेलं हॉटेल त्सुकुबा एक्सप्रेस या वेगळ्या रेल्वेमार्गाच्या असाकुसाजवळचं असू शकतं. ते वेगळंच स्टेशन आहे, बाकीच्या असाकुसा स्टेशनांपासून आठ-दहा मिनिटं पश्चिमेला. कुरामाएचीही तीच गत. तिथे असाकुसा लाइन आणि ओएदो लाइन अशा दोन मार्गिकांची एकाच नावाची स्टेशनं आहेत, पण ती आतून जोडलेली नाहीत, रस्त्यावर येऊन चालावं लागतं. असाकुसा लाइनचा मोठा फायदा हा की नारिता आणि हानेदा, दोन्ही विमानतळांच्या थेट गाड्या तिच्यावरून जातात. फक्त त्यातल्या सगळ्यात जलद गाड्या कुरामाएला थांबत नाहीत, असाकुसाला थांबतात. परतीचं विमान सकाळचं असेल तर असाकुसाच्या जवळ सरका.

खोलीबद्दल. भाग कितीही चांगला असला तरी पलंग चुकला तर सहलीची मजा जाते. तिथे ‘सेमी-डबल’ म्हणून जे देतात त्याची रुंदी बहुतेक वेळा 120 सेंटिमीटर असते. दोघांना ती एका रात्रीपुरती ठीक, सहा रात्री नाही. ‘डबल’सुद्धा अनेकदा 140 चाच निघतो. पानावर सेंटिमीटर लिहिलेले असतात, ते वाचा; 160 मिळाला तर उत्तम, नाहीतर सरळ ट्विन, म्हणजे दोन वेगळ्या पलंगांची खोली घ्या. खोलीचं क्षेत्रफळ 18 चौरस मीटरच्या खाली असेल तर दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत, हे अनुभवाने सांगते. शोधताना माणसं 2 टाका, कारण बऱ्याच ठिकाणी दर माणसांवर ठरतो. आणि धूम्रपानाच्या खोल्या अजूनही असतात, तेव्हा ‘नॉन-स्मोकिंग’ बघूनच पैसे भरा.

बाकीच्या भागांबद्दल थोडक्यात. हाकोने या डोंगराळ भागाला किंवा फुजी पर्वताला दिवसभराची फेरी नक्की असेल तर शिंजुकूचं पारडं जड होतं, कारण हाकोनेला जाणारी रोमान्सकार ही गाडी आणि फुजीकडच्या बऱ्याच बसगाड्या तिथून सुटतात. मग पश्चिमेकडे निशी-शिंजुकूच्या उंच इमारतींच्या बाजूला राहा, रात्री तिथे शांतता असते. गिन्झा आणि निहोनबाशी नीटनेटके, मध्यवर्ती. क्योटोला जायचं असेल तर टोकियो स्टेशन हाताशी. पैसे थोडे जास्त मोजायची तयारी असेल तर माझी दुसरी पसंती हीच. उएनो सोयीचं आहे, नारिता विमानतळाची जलद गाडी स्कायलायनर तिथपर्यंत येते, पण स्टेशनभोवतीचा गोंगाट मला नकोसा झाला. शिबुया पंचविशीतल्या मित्रमंडळींसाठी छान; चढउतार फार, आणि स्टेशनचं बांधकाम अनेक वर्षं चाललंय.

दोन भागांत तीन-तीन रात्री वाटून घ्यायचा मोह होईल. नका करू. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, नवी तीनला मिळणार, त्यात सहातला एक दिवस जातो.

तुमची दोन-तीन हॉटेलं नक्की झाली की नावं इथेच खाली लिहा. कुठलं स्टेशन, कुठली एक्झिट आणि लिफ्ट कुठल्या बाजूला, एवढं मी नकाशावर बघून सांगते.