चार वाजता उठायचं वेळापत्रक आधी फाडा

ताई, तुम्ही लिहिलंय की डोंबिवली ते फोर्ट रोजची ये-जा, अकाउंट्समधली नोकरी, मुलगी दुसरीत, घरी सासूबाई, आणि राज्यसेवा पूर्व परीक्षेसाठी पहाटे चार ते रात्री अकरा असं वेळापत्रक केलं, ते आठवडाभरही टिकलं नाही. टिकणार नव्हतंच. ती वेळापत्रकं पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या, मेसचा डबा खाणाऱ्या मुलांसाठी असतात. मीही नोकरी सांभाळूनच अभ्यास केलाय, त्यामुळे अनुभवाचं तेवढं सांगतो.

तास मोजू नका. कोणत्या वेळी डोकं कसं असतं ते बघा. तुमच्या दिवसात तीन प्रकारची वेळ आहे: दार लावून बसता येईल अशी, लोकलमधली, आणि ऑफिसातून आल्यावरची मेलेली. नवीन विषय फक्त पहिल्या वेळेत. ती सव्वा तासाची मिळाली तरी पूर्वपरीक्षेपुरतं गाडं चालतं, पण ती रोज एकाच वेळी हवी. रात्री साडेअकराला झोपून चारला उठण्यापेक्षा दहाला झोपून पाचला उठा. रात्रीची मालिका जाईल, जाऊ दे.

आता मुख्य गोष्ट. उद्या काय करायचं ते आज झोपण्याआधी चिठ्ठीवर लिहा, आणि नेमकं लिहा. ‘राज्यघटना वाचणे’ हे काम नव्हे. ‘वटहुकूम: कलम 123 राष्ट्रपती, कलम 213 राज्यपाल, साम्य आणि फरक अर्ध्या पानात’ हे काम झालं. पहाटे डोळे चोळत बसल्यावर काय वाचू हे ठरवण्यातच वीस मिनिटं जातात, मग मोबाइल हातात येतो, मग कुकर लावायची वेळ होते. चिठ्ठी असली की थेट वही उघडते. एका दिवसाला एकच चिठ्ठी, त्यावर जास्तीत जास्त दोन कामं.

लोकलमध्ये पुस्तक काढायचा हट्ट सोडा. सकाळच्या लेडीज डब्यात एक हात वरच्या कडीला आणि दुसरा पर्सवर, पान कोण उलटणार? तिथे आठवायचं. पहाटे जे वाचलं ते मनात स्वतःला विचारा: कलम 72 आणि 161, दोन्हींत माफीचा अधिकार, मग कोर्ट मार्शलची शिक्षा कोण माफ करू शकतं? राष्ट्रपती, राज्यपाल नाही. जे आठवलं नाही ते मोबाइलमध्ये एका ओळीत टाका, उतरल्यावर बघा. माझ्या मते वाचण्याइतकाच, किंबहुना जास्त उपयोग ह्याचा होतो. परतीच्या प्रवासात जागा मिळाली तर झोपा, अपराधी वाटून घेऊ नका.

सीसॅट, म्हणजे पूर्व परीक्षेचा उतारे आणि बुद्धिमत्ता चाचणीचा दुसरा पेपर, मात्र असं तुकड्यातुकड्यांत होत नाही. 80 प्रश्न, दोन तास, 200 गुण. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, त्यात लांबलचक उतारे. पात्रतेपुरते 33 टक्के, म्हणजे 66 गुण लागतात म्हणून लोक सोडून देतात आणि तिथेच अडकतात, कारण प्रत्येक चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. ह्याला सलग दोन तास बसणं हाच अभ्यास. शनिवार-रविवारपैकी एक सकाळ त्याची.

घरच्यांबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘कर की अभ्यास, कोण अडवतंय’ म्हणतात. अडवत कोणीच नाही, पण भांडीही कोणी घासत नाही! ‘मला जरा मदत करा’ म्हणून काही होत नसतं. नवऱ्याला नाव घेऊन काम द्या: सकाळी मुलीची वेणी, डबा भरणं आणि बसपर्यंत सोडणं तुझ्याकडे. वेणी वाकडी आली तरी गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. सासूबाईंना परीक्षेची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून दाखवा. आपल्याकडे कॅलेंडरवर आलेली गोष्ट खरी मानतात.

राहिलेला अभ्यास दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, नाहीतर गुरुवारपर्यंत डोंगर होतो. राहिलं ते रविवारी एक तास, तिथेही नाही बसलं तर सोडून द्यायचं. गौरी-गणपती, दिवाळी, मुलीची परीक्षा आणि तुमचा मार्च एंड हे आठवडे आजच वेगळे काढा. त्यात नवीन काही नाही, फक्त जुन्या चिठ्ठ्या वाचायच्या. ताप-सर्दीच्या दिवशीही एक चिठ्ठी वाचली तरी पुरे.

मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीये, त्यामुळे लिहायची सवय हवी. पण ते आत्ताच रोज नको. आठवड्यातून दोनदा दीडशे शब्दांचं एक उत्तर, हाताने, घड्याळ लावून.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आहेत. येत्या शनिवारी सीसॅटची एक छापून आणा, मुलगी उठायच्या आत सोडवा आणि किती गुण पडले ते इथे लिहा. पुढचा महिना कसा बसवायचा ते त्यावरून सांगतो.