‘सेट’ या एवढ्याशा इंग्रजी शब्दाला इतके अर्थ का? ते लक्षात कसे ठेवायचे?

पाठ करायच्या फंदात पडू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचेच 430 अर्थ होते. पुढे ‘रन’ने 645 अर्थांसह त्यालाही मागे टाकलं. इंग्रजांना तरी कुठे पाठ असतात!

मला हा शब्द उमगला तो ठाण्यात, जांभळी नाक्याजवळच्या एका पेढीवर. बाबा तिथे खडे जडवायचे. अंगठीत पुष्कराज बसवून झाला की ती कानाशी धरून टिचकी मारायचे. जराशी किणकिण आली तरी खडा परत बाहेर. “बसला नाही नीट,” एवढंच म्हणायचे. पॉलिशवाला पोरगा याच कामाला ‘सेटिंग’ म्हणायचा.

‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीतलं ‘सेट्टन’ हे ‘बसणे’चं प्रयोजक रूपच. सदन, संसद, उपनिषद यांतला आपला ‘सद्’ धातू त्याच कुळातला. आता ‘बसवणे’कडे बघा: आपण खडा बसवतो, घडी बसवतो, गणपती बसवतो, जरब बसवतो. निखळलेलं हाड बसवणारा तर तिकडेही ‘बोन-सेटर’च.

प्रत्येक वेळी हे जुळत नाही. दही आपल्याकडे लागतं, सूर्य मावळतो. ‘सूर्य बसला’ म्हणालात तर घरचे कपाळाला हात लावतील. इंग्रजीत मात्र खाली जाऊन टेकलेला सूर्यही ‘सेट’ आणि हलायचं थांबलेलं सिमेंटही ‘सेट’.

दागिन्यांचा सेट मुळात वेगळा शब्द. तो लॅटिन ‘सेक्टा’वरून, म्हणजे अनुयायांच्या पंथावरून, फ्रेंचमार्गे आला, पुढे दोघांचं रूप एकच झालं. सेट-नेटमधला ‘सेट’ तर नुसती आद्याक्षरं, तो यात धरूच नका. आणि “पोरगा सेट झाला” हा अर्थ आपण आपल्या सोयीने वळवून घेतलाय.

इतक्या अर्थांचं नवल वाटत असेल तर आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, वेड लागतं. ठाणे स्टेशनच्या पुलावर कुणी “गाडी लागली” म्हणालं की माणसं जिने उतरत धावत सुटतात. तेच घाटात एसटीमध्ये कुणी म्हणालं, की शेजारचा उठून खिडकीची जागा देतो आणि प्लॅस्टिकची पिशवी शोधायला लागतो.