कोकणातल्या केमिकल कारखान्यात हजार तास सॉल्ट स्प्रे टेस्ट पास झालेला इपॉक्सी रंग टिकेल का?

त्या सर्टिफिकेटच्या जोरावर तर नाहीच टिकणार. सॉल्ट स्प्रे म्हणजे ३५ अंशांना पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा. त्यात ना ॲसिडची वाफ, ना ऊन. आणि लॅबमधली पट्टी आधीच लख्ख साफ केलेली असते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याला एका कारखान्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीखालचं स्ट्रक्चर रंगवायचं काम माझ्याकडे होतं. मी म्हटलं, आधी गोड्या पाण्याने प्रेशर मारून धुऊ, मग ब्लास्टिंग (बारीक खडीचा मारा करून गंज काढणं), मग लोखंडावर मीठ उरलंय का त्याची टेस्ट. खरेदीवाले साहेब म्हणाले, "इथे समुद्र कुठे आहे? ब्लास्टिंग करताय ना, मग धुवायचे पैसे कशाला?" अहो, मिठात असतं ते क्लोराइड ॲसिडच्या टाकीतूनच येतंय! ब्लास्टिंग संध्याकाळी उरकलं, रंग दुसऱ्या दिवशी. सकाळी लोखंडावर तांबूस लाली. "थिनरने पुसा आणि मारा." लेखी हरकत देऊन मारला.

पाऊस सरला तेव्हा बीमच्या खालच्या अंगाला वाटाण्याएवढे फोड. एक चाकूच्या टोकाने फोडला तर आतून पाणी आलं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडताच पांढरा साका, म्हणजे क्लोराइडच. डीएफटी, म्हणजे सुकलेल्या रंगाची जाडी, चोख होती. रंगाखालचं मीठ पाणी ओढत होतं. तरी "रंग पातळ मारलात" म्हणून बिल अडवलं माझंच.

तर ब्लास्टिंग एसए अडीच दर्जाचं (लोखंड जवळजवळ लख्ख), आणि लोखंड दवबिंदूच्या वर किमान ३ अंश असल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. ॲसिडच्या वाफेत झिंकचा (जस्ताचा) प्रायमर नको, विरघळतो. ॲसिड सांडतं तिथे नोव्होलॅक इपॉक्सी (ॲसिडला जास्त टिकणारा प्रकार) किंवा ग्लास फ्लेकवाला (काचेच्या बारीक चकत्या घातलेला) व्हिनाइल एस्टर. उन्हात वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग, नाहीतर इपॉक्सी पिठूळ पडतो. झिजेचं म्हणाल तर टेबर टेस्टचे (फिरत्या चाकाने रंग घासून पाहतात ती) आकडे कोरड्या नमुन्याचे असतात. ॲसिडने मऊ पडलेला रंग पिंप ओढलं की सोलून निघतो. पिंपं ओढली जातात तिथे रंगाच्या भानगडीत पडू नका, ॲसिडप्रूफ विटा लावा.

मात्र नायट्रिक किंवा सॉल्व्हंट असेल तर वरची निवड बदलेल. ॲसिड कोणतं, किती टक्के, किती गरम, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि तुमचे खरेदीवाले धुण्याचा खर्च कापायला निघाले, तर एवढंच विचारा: पाण्याचा टँकर महाग, की वर्षभरात पुन्हा परांची बांधणं?