कुपीच्या बुचातलं छिद्र आणि निकालपत्राची पानं

खुनाच्या खटल्यांवरच्या डॉक्युमेंट्री पाहून वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत. उत्तरं फौजदारी कायदा आणि न्यायवैद्यक तपासणी या दोन्ही अंगांनी दिली आहेत.

प्रश्न : अमेरिकेतल्या स्टीव्हन एव्हरीच्या खटल्यावरची दहा भागांची मालिका आम्ही घरच्यांनी मिळून पाहिली. कोर्टाच्या कार्यालयात ठेवलेल्या त्याच्या रक्ताच्या कुपीचं खोकं उघडलेलं होतं आणि रबरी बुचाला सुईचं छिद्र होतं. ते रक्त पोलिसांनीच खून झालेल्या तरुणीच्या गाडीत लावलं असणार, असं आमचं सगळ्यांचं मत झालं. तरी तो माणूस अजून तुरुंगात कसा? – वाचक, विलेपार्ले

उत्तर : आधी छिद्राचं बघू. सीबीसी करायला गेलात की जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात. व्हॅक्यूमच्या नळीतली हवा आधीच काढलेली असते. सुई रबरी बुचातून आत गेली की रक्त आपोआप खेचलं जातं. सिरिंजने काढलेलं रक्तही बुचातूनच आत सोडतात. म्हणजे नळी भरली की छिद्र पडणारच. एव्हरीची कुपी 1996 सालची, याच जातीची. त्यामुळे ‘छिद्र आहे, म्हणजे कोणीतरी रक्त काढलं’ हे अनुमान टिकत नाही. खोकं कोणी, केव्हा उघडलं आणि त्याची नोंद आहे का, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असतं. कुपीतलं रक्त गाडीत लावलं असेल, तर डागात ईडीटीए सापडायला हवं. एफबीआयच्या प्रयोगशाळेने गाडीतल्या डागांचे तीन नमुने तपासले, त्यांत ते सापडलं नाही. बचाव पक्षाचं म्हणणं असं की, ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नव्हतं’ असं होत नाही. एवढ्याशा डागातलं ईडीटीए पकडण्याइतकी ही चाचणी बारीक आहे का, ते आधी सांगा. हा आक्षेप शास्त्राला धरून होता आणि ज्यूरीने दोन्ही बाजू ऐकल्या होत्या.

मालिकेच्या पहिल्या पर्वात काही गोष्टी आल्याच नाहीत. गाडीच्या बॉनेटच्या खिट्टीवर एव्हरीचा डीएनए मिळाला होता आणि तो रक्तातला नव्हता. कुपीतलं रक्त लावलं, एवढं म्हणून या डीएनएचा उलगडा होत नाही. एका पोलिसाच्या साक्षीत तर एका प्रश्नाचं ‘हो’ दुसऱ्या प्रश्नाला जोडलं होतं. ज्या प्रश्नानंतर ते दाखवलं, त्यावर कोर्टात हरकत घेतली गेली होती आणि ती मान्यही झाली होती. त्या पोलिसाचा अब्रुनुकसानीचा दावा मार्च 2023 मध्ये फेटाळला गेला, म्हणजे कायद्याने निर्माते दोषी नाहीत. पण पडद्यावरची साक्ष ही संकलन केलेली साक्ष असते, हे यातून दिसतं.

आमच्या मते या खटल्यातली खरी कच्ची जागा गाडीची किल्ली आहे. एव्हरीच्या खोलीची आधीही झडती झाली होती, तेव्हा किल्ली दिसली नाही. नंतर ती सापडली, तीही ज्या काउंटीवर (म्हणजे जिल्ह्यावर) त्याने 3 कोटी 60 लाख डॉलरचा दावा लावला होता तिथल्याच पोलिसांना. आधीच्या एका गुन्ह्यात तो 18 वर्षं तुरुंगात होता आणि 2003 मध्ये डीएनएमुळे निर्दोष ठरला होता, त्याचा तो दावा. शंका घ्यायची तर इथे घ्या. मात्र किल्ली बाजूला ठेवली तरी गाडीतलं रक्त, खिट्टीवरचा डीएनए, गॅरेजमधला गोळीचा तुकडा आणि जळालेले अवशेष उरतात. मार्च 2007 मध्ये ज्यूरीने त्याला खुनासाठी दोषी धरलं, प्रेताच्या विटंबनेच्या आरोपातून मात्र सोडलं. आजवरची त्याची अपिलं फेटाळली गेली आहेत.

प्रश्न : त्याच मालिकेत एव्हरीच्या 16 वर्षांच्या भाच्याची कबुली पाहून अंगावर काटा आला. शेजारी आई नाही, वकील नाही आणि पोलीस एकेक उत्तर तोंडात घालताहेत. आपल्याकडे अशी कबुली चालते का? – वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. मकोकासारखे खास कायदे सोडले, तर पोलिसांना दिलेली कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध वाचताच येत नाही, मग ती कॅमेऱ्यासमोर दिलेली का असेना. जुन्या पुरावा कायद्याची कलमं 25 आणि 26, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23. शिवाय 18 वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. 16 ते 18 वयाच्या मुलावर खुनासारखा आरोप असला, तर त्याला मोठ्यांसारखं चालवायचं की नाही हे बाल न्याय मंडळ आधी पाहतं.

पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नका. आपल्याकडची पळवाट वेगळी आहे. आरोपीने सांगितलं आणि त्यातून वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात येतो. हे जुनं कलम 27. प्रिव्ही कौन्सिलने 1947 सालच्या कोट्टय्या खटल्यात दिलेलं उदाहरण असं : ‘ज्या सुरीने मी अमक्याला भोसकलं, ती घराच्या छपरात लपवली आहे, काढून देतो.’ यातलं ‘छपरात लपवली आहे, काढून देतो’ एवढंच घ्यायचं, ‘भोसकलं’ वगळायचं. डॉक्युमेंट्रीत आणि बातमीत नेमका वगळायचा भागच मोठ्या अक्षरांत येतो. म्हणून पडद्यावर ‘आरोपीने हत्यार काढून दिलं’ असं आलं की तीन गोष्टी बघा. ती जागा कोणालाही सहज दिसेल अशी, उघडी होती का? निवेदन पंचनामा (आरोपीने काय सांगितलं त्याचा) आणि जप्ती पंचनामा (वस्तू कशी सापडली त्याचा) यांच्या वेळा जुळतात का? आणि पंच कोर्टात पंचनाम्याप्रमाणे बोलले, की फितूर झाले?

त्या भाच्याची शिक्षा 2016 मध्ये फेडरल कोर्टाने रद्द केली होती. डिसेंबर 2017 मध्ये वरच्या कोर्टाच्या पूर्ण पीठाने 4 विरुद्ध 3 मतांनी ती पुन्हा कायम केली आणि जून 2018 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. एका मताचा फरक होता, तुमच्या अंगावर काटा आला तो उगाच नाही.

प्रश्न : आपल्याकडच्या एखाद्या खटल्यावरची डॉक्युमेंट्री पाहून शंका आली, तर सामान्य माणसाने ती तपासायची कशी? कुठले कागद, कुठे मिळतात? – वाचक, गिरगाव

उत्तर : तुमचा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत ज्यूरी फक्त ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ सांगते, कारण लिहीत नाही. आपल्याकडेही ज्यूरी असताना तसंच होतं. 1959 च्या नानावटी खटल्यात ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मताने ‘निर्दोष’ म्हटलं, ते कशावरून म्हटलं याचा कागद नाही. आज सत्र न्यायाधीशाला प्रत्येक मुद्द्यावर निष्कर्ष आणि त्याची कारणं लिहावी लागतात. तो कागद तुमच्या हातात आला की निकाल कशावर उभा आहे ते कळतं.

खटल्याचा क्रमांक किंवा 16 अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळवा आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाका. मुंबईची सत्र न्यायालयं फोर्ट, माझगाव आणि दिंडोशी इथे बसतात, योग्य न्यायालय निवडलं नाही तर नोंद सापडत नाही. अपील झालं असेल तर मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या संकेतस्थळावर शोधा. त्यात सगळी साक्ष थोडक्यात आलेली असते, तिथूनच सुरुवात करा. साक्षींच्या प्रमाणित प्रती खटल्याबाहेरच्या माणसाला सहज मिळत नाहीत. कारण दाखवून अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने परवानगी दिली तरच मिळतात.

निकाल वाचताना एक कोरा कागद घ्या, त्यावर चार रकाने आखा : दुवा, साक्षीदार, निशाणी क्रमांक (कोर्टाने पुराव्याच्या कागदाला दिलेला), तारीख. ‘शेवटचं एकत्र पाहिलं’ हा एक दुवा, ‘शर्टावरचं रक्त’ हा दुसरा. प्रत्येकासमोर कोणी सांगितलं आणि ते कुठल्या निशाणीला आहे ते लिहा. मग तारखांकडे वळा. शर्ट जप्त झाला कधी, मुद्देमाल रजिस्टरला चढला कधी, शिपाई तो घेऊन कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबमध्ये पोचला कधी? मधे बारा दिवस गेले असतील, तर तेवढे दिवस तो कोणाच्या ताब्यात होता हे कोणीतरी शपथेवर सांगितलेलं असायला हवं. लॅबच्या अहवालात ‘सील शाबूत, नमुना सीलशी जुळणारं’ अशी ओळ असते, ती शोधा. ती नसेल, किंवा मुद्देमाल नेणाऱ्या शिपायाची साक्षच झाली नसेल, तर तुमच्या शंकेला जागा आहे. डीएनएचे नमुने 48 तासांत लॅबला पोचावेत आणि ते कोणाकडून कोणाकडे गेले याची सलग नोंद असावी, असं सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये सांगितलं. त्याआधीच्या खटल्यांत ही शिस्त ठाण्याठाण्याप्रमाणे बदलत असे. अहवालात नुसता ‘ओ’ रक्तगट आहे की डीएनए जुळला आहे, हेही बघा. ‘ओ’ गट लाखो मुंबईकरांचा आहे.

आता एकेक दुवा खोडा आणि उरलेल्यांवर गुन्हा सिद्ध होतो का ते पाहा. प्रत्यक्ष साक्षीदार नसलेल्या खटल्यांसाठी सुप्रीम कोर्टाने 1984 च्या शरद सारडा निकालात पाच कसोट्या दिल्या. पुण्याच्या या खटल्यात आरोपी सुटला होता. त्यातली पहिली कसोटी पाठच करा : परिस्थिती ‘सिद्ध झालेली असू शकते’ हे चालत नाही, ‘सिद्ध झालेलीच असली पाहिजे’. आणि शेवटची अशी की, साखळी इतकी पुरी हवी की आरोपीशिवाय दुसऱ्या कोणी हे केलं असेल या म्हणण्याला वाजवी आधारच उरू नये. डॉक्युमेंट्रीत सहसा एकच दुवा तुटताना दाखवतात. तो खोडल्यावरही बाकीची साखळी उभी असेल, तर निकाल पडत नाही.

प्रश्न : कुर्ला टर्मिनसवरच्या तरुणीच्या खुनात सीसीटीव्हीत आरोपी तिच्याबरोबर चालताना दिसतो असं म्हणत होते. मग सुप्रीम कोर्टाने सोडलं कसं? डोळ्यांनी दिसतंय ते खोटं? – वाचक, भांडुप

उत्तर : जानेवारी 2014 ची ही घटना. सत्र न्यायालयाने 2015 मध्ये फाशी दिली, हायकोर्टाने 2018 मध्ये ती कायम केली आणि जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपीला निर्दोष सोडलं. फुटेजसोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खालचं प्रमाणपत्र नव्हतं, त्यामुळे ते पुराव्यातूनच गेलं. ओळख पटवणारी साक्ष आणि खासगी व्यक्तीजवळ दिलेली म्हणतात ती कबुली या गोष्टीही कोर्टाला विश्वासार्ह वाटल्या नाहीत.

हे प्रमाणपत्र नुसती औपचारिकता नाही. डीव्हीआरमधून (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातून) पेनड्राइव्हवर प्रत घेताना मधला भाग कापता येतो, घड्याळ पुढे-मागे असू शकतं. कुठल्या यंत्रातून, कोणी, कशी प्रत घेतली याची जबाबदारी घेणारा माणूस हवा. तसं प्रमाणपत्र आवश्यकच आहे, हे सुप्रीम कोर्टाने जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात 2020 मध्ये पक्कं केलं. नव्या कायद्याच्या कलम 63 खाली त्याचे दोन भाग आहेत, एक प्रत देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, लिहावी लागते. फाइलमध्ये किंचितही बदल झाला की हॅश बदलते. तुमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज पोलीस मागायला आले, तर सेक्रेटरींनी डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे ते तिथल्या तिथे लिहून सही घ्यावी. त्या मुलीच्या वडिलांना अकरा वर्षांनंतरही उत्तर मिळालं नाही, ते अशाच राहून गेलेल्या कागदांमुळे, याची आम्हाला फार खंत वाटते.

प्रश्न : माझ्या मावसभावाला तीन आठवड्यांपूर्वी सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. घटनेच्या रात्री तो सरकारी हॉस्पिटलात होता, त्याचा केसपेपर आता आमच्या हाती लागला आहे. एक चॅनेल डॉक्युमेंट्री करायला तयार आहे. करू द्यावी का? – वाचक, चेंबूर

उत्तर : आधी अपील. जन्मठेपेविरुद्ध हायकोर्टात अपिलाची मुदत 60 दिवसांची आहे, फाशी असती तर 30. निकालाची एक प्रत आरोपीला फुकट मिळते, ती मिळाली का ते विचारा. वकील परवडत नसेल, तर तुरुंगातल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करा किंवा तुरुंगातल्या विधी सेवा केंद्रात अर्ज द्या. अपील तुरुंग अधीक्षकांमार्फतही पाठवता येतं. त्यासोबत शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा, असा स्वतंत्र अर्ज करा.

केसपेपर नवा पुरावा म्हणून आणायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 432 आहे, जुनं 391. कोर्टाचा पहिला प्रश्न असेल : हा खटला चालू असताना का आणला नाही? त्याचं खरं उत्तर प्रतिज्ञापत्रात लिहा. खटल्यातली उणीव आता भरून काढताय, असं दिसलं तर अर्ज फेटाळला जाईल. दुसरा प्रश्न असेल केसपेपर खरा कशावरून? त्याच्या जोडीला ओपीडी किंवा कॅज्युअल्टीच्या रजिस्टरातली त्या रात्रीची ओळ हवी, अनुक्रमांकासह. हॉस्पिटलं जुनी रजिस्टरं ठरावीक काळाने निकाली काढतात, म्हणून वैद्यकीय अधीक्षकांना आजच लेखी अर्ज द्या, रजिस्टर जपून ठेवण्याची विनंती करा आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. मूळ केसपेपरला टाचणी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. शाई तपासायची वेळ आली तर अडचण होते.

डॉक्युमेंट्रीला कायद्याने सरसकट बंदी नाही. मुंबईच्याच एका गाजलेल्या खून खटल्यावरची मालिका थांबवण्याची सीबीआयची मागणी हायकोर्टाने फेब्रुवारी 2024 मध्ये मालिका स्वतः पाहून फेटाळली होती. तरी अपील दाखल होऊन वकिलांनी हो म्हणेपर्यंत थांबा. साक्षीदारांना कॅमेऱ्यासमोर आणू देऊ नका, त्यांच्यावर दबाव आणल्याचा आरोप तुमच्यावरच येईल. केसपेपरचा फोटो चॅनेलला देऊ नका. तो आधी हायकोर्टासमोर जाऊ द्या.