वाचकांचे प्रश्न : ‘स्टार ऑफ इंडिया’ हा किताब कशासाठी?

प्रश्न : जुन्या संस्थानिकांच्या तसबिरींखाली त्यांच्या नावापुढे ‘जी. सी. एस. आय.’ अशी अक्षरे दिसतात. हा किताब कोणता आणि तो का देत असत?

उत्तर : ही अक्षरे ‘ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया’ या सरदारकीच्या किताबातील सर्वांत वरच्या श्रेणीची आहेत. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीची बादशाही संपली आणि तिच्याबरोबर मानाची वस्त्रे देऊन मांडलिकाला आपलासा करण्याची खिलतीची प्रथाही निराधार झाली. ती पोकळी भरून काढण्यासाठी आणि उठावात इंग्रजांच्या बाजूने राहिलेल्यांना बांधून ठेवण्यासाठी राणी व्हिक्टोरियाने १८६१ मध्ये हा किताब सुरू केला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अलाहाबादच्या दरबारात व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, भोपाळच्या सिकंदर बेगम आदींना तो बहाल केला. इंदूरचे तुकोजीराव होळकर आणि बडोद्याचे खंडेराव गायकवाड हेही पहिल्या मानकऱ्यांत होते. मानकरी बहुधर्मी असल्यामुळे मानचिन्हावर ख्रिस्ती क्रूस न ठेवता तारा आणि राणीची कोरीव मुखाकृती ठेवण्यात आली.

ही खबरदारी पुरली नाही. हैदराबादच्या निजामाच्या दरबारातून हरकत आली की सजीवाची प्रतिमा अंगावर बाळगणे धर्माला मान्य नाही, शिवाय किताबासोबत घालावा लागणारा परक्या धाटणीचा झगा इकडच्या लोकांना रुचणारा नाही. माझ्या मते किताबाच्या नियमांतले याहून बोचणारे कलम दुसरेच होते. मानकऱ्याच्या मृत्यूनंतर मानचिन्हे सरकारजमा करावी लागत आणि तसे आधीच लिहून द्यावे लागे. दरबाराकडून मिळालेला पोशाख आणि शिरपेच जामदारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवणाऱ्या घराण्यांना, दिलेला मान परत मागणारा हा धनी विचित्रच वाटला असणार!

प्रारंभी या किताबाची एकच श्रेणी होती. १८६६ मध्ये तीन श्रेणी झाल्या, तेव्हापासून ‘जी. सी. एस. आय.’, ‘के. सी. एस. आय.’ आणि ‘सी. एस. आय.’ ही अक्षरे रूढ झाली आणि इंग्रज अधिकाऱ्यांनाही हा मान मोठ्या संख्येने मिळू लागला.

स्वातंत्र्यानंतर नव्या नेमणुका बंद पडल्या आणि राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने लष्करी व विद्याविषयक उपाधी सोडून इतर किताब देण्यास राज्याला मनाई केली. ब्रिटनने मात्र हा किताब आजतागायत रीतसर रद्द केलेला नाही. त्याचे शेवटचे हयात मानकरी, अलवारचे महाराज तेजसिंह प्रभाकर, २००९ मध्ये निवर्तले.