इसार बुडू दे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण फोनवर तू 'हो काका, हो काका' म्हणतोस आणि करायचं तेच करतोस. म्हणून कागद घेऊन बसलोय.

जेसीबीवाल्याला इसार दिलाय, हे तू परवा निघता निघता, गाडीला किक मारताना सांगितलंस. जेवायला बसलो होतो तेव्हा नाही सांगितलंस. पाच हजार रुपये. बुडू दे ते पाच हजार. बाग उपटू नकोस.

तुझं गणित मला तोंडपाठ आहे. अडीच एकर शिराझ, वाइनची काळी द्राक्षं, लावून अकरा वर्षं झाली. एकरी सहा टन निघायचा तो माल चारावर आला. वाइनरीवाला दर वाढवत नाही, औषधवाला उधारी थांबवत नाही, आणि चुलता बांधावर उभा राहून रोज विचारतो की ही आंबट द्राक्षं कुणासाठी पिकवतोस. गणितात चूक नाही. पण ज्या वर्षी वेल कामाला लागते त्याच वर्षी तू तिला काढायला निघालास, ते मला बघवत नाही.

त्या संध्याकाळी बळदात ठेवलेली ती बाटली मी उगाच फोडली नाही. इटलीच्या अभ्यासदौऱ्यातून धोतरात गुंडाळून आणलेली ती शेवटची होती. बूच काढायचा स्क्रू घरात नाही, म्हणून पान्याच्या दांड्यानं बूच आत ढकललं, आणि तुझी काकू माळकरी असल्यामुळं ओट्यावर बसून स्टीलच्या पेल्यातून प्यावी लागली. तू पेला उजेडात धरून म्हणालास, "काका, पाणी घातलंय का हिच्यात?" तुला शिराझच्या काळ्याभोर रंगाची सवय. ही डाळिंबाच्या रसासारखी, आरपार दिसणारी. मग घोट घेतलास आणि गप्प बसलास. जांभळाच्या बीसारखी तुरट, आंबटपणा जिभेच्या कडेला धरून राहिलेला. जाणकार तिच्यात आंबट चेरी शोधतात. मला करवंद लागलं आणि मागून विझलेल्या चुलीची राख.

ती नेरेल्लो मास्कालेझे. सिसिली बेटावरच्या एटना या ज्वालामुखी डोंगराची द्राक्षाची जात. बाटलीवर 'एटना रोसो', म्हणजे एटनाची लाल वाइन, असं लिहायचं असेल तर त्यात ती किमान ८० टक्के लागते, हा नियम १९६८ पासूनचा.

आणि तू त्या सगळ्यातून काय उचललंस? तर 'ज्वालामुखी'. लेबलवर 'ज्वालामुखीच्या मातीतली वाइन' लिहू म्हणालास. अरे, तुळजापूरपासून जालन्यापर्यंत आपण सगळे लाव्ह्यावरच बसलोय. तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. त्या हिशेबानं बाजार समितीतलं सोयाबीनसुद्धा ज्वालामुखीचंच. मूळचा दगड एक असला तरी माती एक होत नाही. एटनाची माती म्हणजे राख, वाळू आणि खडे. पाणी टाकलं की खाली जातं आणि मूळ त्याच्या मागं मागं जातं. आपली काळी त्याच्या उलट. पावसाळ्यात फुगून पाणी धरते, उन्हाळ्यात अशी भेगाळते की त्यात खुरपं पडलं तर सापडत नाही. पण तुझा वरचा तुकडा काळीचा नाही. तो मुरमाड उतार आहे, बालाघाटाच्या पायथ्याचा. माझ्या ओळखीत तसा तुकडा दुसऱ्या कुणाकडं नाही. आणि तू तोच उपटायला निघालास!

एटनाच्या उत्तर उतारावर, समुद्रसपाटीपासून सातशे-आठशे मीटरवर, एका म्हाताऱ्याच्या बागेत मी उभा होतो. तारा नाहीत, मांडव नाही. एकेक वेल एकेका लाकडी खुंटाला धरून सुटी उभी, काळ्या दगडांच्या बिनचुन्याच्या ताली, आणि खोड माझ्या मांडीएवढं, पिळवटलेलं. शंभरी पार केलेली वेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फिलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली आणि युरोपातल्या बागा बसल्या. मग सगळ्यांना अमेरिकन खुंटावर, म्हणजे तिकडच्या वेलींच्या मुळांवर, कलमं करावी लागली. पण सुट्या वाळूत त्या किडीला नीट फिरता येत नाही. म्हणून एटनावर काही तुकडे अजून स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. १९८१ च्या मार्चमध्ये रांदाझ्झो गावाजवळून लाव्हा उतरला आणि वाटेतल्या बागा गाडून पुढं गेला. डोक्यावर असा डोंगर धुमसत असताना ती माणसं नातवासाठी वेल राखतात, आणि तू चुलत्याच्या बोलण्यावर इसार देतोस.

रागावू नकोस. रागवायचा अधिकार मला नाही, हे मला कळतं.

२००४ साली मी दोन एकर शिराझ लावली होती. २००८ ची मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पर्यटक आटले, वाइन टाक्यांत पडून राहिली. पुढच्या हंगामात माझ्याशी करार केलेल्या वाइनरीची गाडी आलीच नाही. घड वेलीवर मनुके होऊन गेले. २०१० मध्ये मी जेसीबी लावला. एका दिवसात सहा वर्षं आडवी. ती खोडं दोन हिवाळे बंबात जळली, आणि रोज सकाळी आंघोळीचं पाणी तापताना मी तिकडं पाठ करून बसायचो. लोक म्हणाले, घाबरला. मी घाबरलो नव्हतो. बँकेचा हप्ता होता, ताईचं लग्न ठरलेलं होतं, माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. म्हणजे सगळ्यांनी केलं नाही, तेही मला माहीत आहे. त्या जागी थॉमसन, खायची द्राक्षं, लावली. २०१४ च्या गारपिटीनं ती फोडली, आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात उरलेली टँकरवर जगवताना मी जो पैसा ओतला, त्यात शिराझ पाच वर्षं फुकट सांभाळली असती. जाऊ दे.

बाग उपटू नकोस. थकलीय हे खरं आहे. तिकडची वेल हिवाळ्यात झोपते. आपली एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटते, ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पुन्हा फुटते. अकरा वर्षांत बावीस वेळा फुटलेली वेल आहे ती. पण थकली म्हणजे मेली नव्हे. जे ओलांडे, म्हणजे खोडाच्या आडव्या फांद्या, वाळलेत ते काप, खोडावरून आलेली जोमदार फूट धरून नवा ओलांडा तयार कर. जिथं वेल खरंच मेलीय तिथं फेब्रुवारीत डॉगरिज या अमेरिकन खुंटाचं रोप लाव आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर काडीचं कलम भर. एटनाचा म्हातारा शेजारच्या वेलीची काडी मातीत दाबून गाळा, म्हणजे मेलेल्या वेलीची रिकामी जागा, भरतो, पण आपल्या क्षारांच्या पाण्यात खुंटाशिवाय भागायचं नाही, ती नक्कल करू नकोस. टनामागं धावणंही सोड. घड लहान, मणी लहान, म्हणजे रसाला साल जास्त, आणि वाइन त्या सालीतच आहे. वाइनरीवाल्याला मुरमावरचा माल वेगळा तोडून वेगळ्या टाकीत घालायला लाव, आणि फेब्रुवारी तापायच्या आत तोड. आपल्याकडं साखर चढते तशी आम्लता पडते, एटनासारखा ऑक्टोबरचा गारवा आपल्याला तोडणीला मिळत नाही.

जुनी झाली म्हणून वाइन आपोआप चांगली होत नाही, हेही सांगतो. वाईट जागेतली जुनी वेल वाईटच. त्यामुळं खालच्या पाऊण एकर काळीतल्या वेलींसाठी मी तुझ्याशी भांडणार नाही. नाही, थांब, त्याही यंदा राहू दे. जेसीबी शेतात आला की तो पाऊण एकरावर थांबत नाही. मी बघितलंय.

जगातल्या वाइनवाल्यांच्या संघटनेनं २०२४ मध्ये ठरवलं की ३५ वर्षांची झाली की वेल जुनी म्हणायची. तू अकराव्या वर्षी तिला म्हातारी म्हणतोस. हप्त्याची अडचण असेल तर ये, बोलू. तुझ्या वडिलांशी मी बोलतो. चुलत्याशीही बोलेन, पण त्याचा उपयोग होणार नाही.

आणखी एक. २०१० मध्ये विहिरीच्या कठड्याला लागून असलेली एक वेल वाचली, कारण जेसीबीचा हात तिथवर पोचत नव्हता. मी तिच्याकडं लक्ष दिलं नाही, पाणीही दिलं नाही. यंदा तिला अकरा घड होते. पाखरांनी चार खाल्ले, सात मी खाल्ले. एप्रिलात तिची खरड मी स्वतः धरली आणि आता तिच्या काड्या पिकत आल्यात. तुझे किती गाळे पडलेत ते मोजून कळव. फेब्रुवारीत खुंट लावलेस की पुढच्या पोळ्याच्या आधी ये, तिच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून देतो.

काकूनं तुला धपाटे आवडले का विचारलंय.

तुझा,
काका