स्लो कुकरमध्ये १० तास ठेवूनही बेक्ड बीन्स कडकच राहिले, काय चुकलं असेल?

तुम्ही लिहिलंय की रात्रभर भिजवलेले नेव्ही बीन्स (छोटे पांढरे दाणे), केचप, मोलॅसिस (उसाचा काळा दाट पाक), मोहरी सगळं एकदमच स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) घालून लो वर १० तास ठेवलं. गडबड त्या 'एकदमच' मध्ये आहे. आपण आमटीत चिंच डाळ शिजल्यावरच घालतो ना, अगदी तेच. आंबट आधी पडलं की दाणा लवकर मऊ होत नाही, आणि मोलॅसिसमध्ये आंबटपणा असतोच वर कॅल्शियमही भरपूर, त्याने दाणा अजूनच घट्ट राहतो. गॅसवर उकळत असतं तर उशिरा का होईना शिजले असते, स्लो कुकरच्या मंद आचेत ते तसेच अडकून बसतात.

मी बॉस्टनजवळ राहते, थंडीत आमच्याकडे महिन्यातून दोनदा तरी हे होतात. इकडचे बीन्स डब्यातल्या टोमॅटो सॉसवाल्यांसारखे नसतात, मोलॅसिसचे काळपट तपकिरी असतात. पूर्वी इथल्या प्युरिटन लोकांचा (कडक धार्मिक ख्रिश्चन) सब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शनिवारी सूर्यास्ताला सुरू व्हायचा, तेव्हा काम करायचं नाही म्हणून मातीच्या भांड्यात बीन्स आधीच मंद आचेवर लावून ठेवायचे, त्यामुळे शनिवारी रात्री बीन्स आणि ब्राउन ब्रेड ही पद्धत पडली. आणि स्लो कुकर तर बीन्ससाठी बनल्यासारखाच आहे, इर्विंग नॅक्सनला १९४० मध्ये ज्या भांड्याचं पेटंट मिळालं ते पुढे 'बीनरी' म्हणून विकलं जायचं, १९७१ मध्ये तेच क्रॉक-पॉट नावाने आलं. त्यामुळे भांड्यावर राग काढू नका, फक्त क्रम बदला.

अर्धा किलो बीन्स रात्रभर भरपूर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून भिजवा. मिठाने दाणे कडक होतात असं सगळे सांगतात पण भिजवतानाच्या मिठाने साल उलट मऊ पडते. सकाळी ते पाणी फेकून द्या, नवीन पाण्यात १० मिनिटं खळखळून उकळा आणि मग आच कमी करून पाऊण तासभर शिजू द्या. ही उकळी चुकवू नका. उद्या नेव्ही बीन्सऐवजी लाल राजमा घेतलात तर कृपया तो अर्धा तास उकळाच, त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन नुसत्या लो च्या आचेवर मरत नाही, चार-पाच कच्चट दाण्यांनीसुद्धा उलट्या सुरू होऊ शकतात.

शिजले का ते कसं बघायचं हे मला शेजारच्या आजींनी शिकवलं. चमच्यात दोन-तीन दाणे घ्यायचे आणि हळूच फुंकर मारायची, साल सुरकुतून उलटी वळली की झालं. पहिल्यांदा ती पातळ साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी उचलली गेलेली बघितली तेव्हापासून मी घड्याळ बघणंच सोडलं.

आता स्लो कुकर. तळाला एक अख्खा कांदा, त्यावर बीन्स, पाव कप मोलॅसिस (ब्लॅकस्ट्रॅप हा त्याचा सगळ्यात गडद प्रकार नको, कडू होतं), दोन चमचे ब्राउन शुगर, एक चमचा मोहरीची पूड, मिरपूड, आणि बीन्स ज्यात शिजवले ते पाणी, दाणे जेमतेम बुडतील इतकंच. इथले लोक सॉल्ट पोर्क (खारवलेलं डुकराचं मांस) घालतात, तुम्ही शाकाहारी असाल तर दोन चमचे बटर आणि थोडी स्मोक्ड पॅप्रिका घाला, मी तसंच करते आणि कमी काही वाटत नाही. लो वर ७-८ तास, मध्ये झाकण उघडू नका, प्रत्येक वेळी गेलेली वाफ परत भरायला बराच वेळ लागतो. केचप किंवा व्हिनेगर हवं असेल तर शेवटच्या तासाला.

शेवटी रस पातळ दिसेल कारण स्लो कुकरमध्ये पाणी आटत नाही. झाकण काढून हाय वर अर्धा-पाऊण तास ठेवा, मूठभर दाणे भांड्याच्या कडेला चेपा, दाट होतो. मीठ तेव्हाच चाखा.

भारतात कोणी करणार असेल तर छोटा पांढरा राजमा आणि मोलॅसिसऐवजी काकवी चालते, फक्त ती जास्त गोड असते म्हणून ब्राउन शुगर वगळा. आणि हो, दुकानातून बीन्स ताजे आणा, वर्ष-दोन वर्षं डब्यात पडलेले जुने दाणे यातलं सगळं बरोबर करूनही मऊ होत नाहीत, तुमचं पाकीट किती जुनं होतं ते एकदा बघा.